विज्ञान दिनी सावली मोजू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२८ फेब्रुवारी जवळ आला की शाळाशाळांतून मातीचे ज्वालामुखी उभे राहतात. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, थोडा लाल रंग. फेस वर येतो, टाळ्या पडतात. या रासायनिक क्रियेचा खऱ्या ज्वालामुखीशी संबंध नाही, हे सांगायचे मात्र राहून जाते. मे महिन्यात शून्य सावलीची बातमी सगळीकडे झळकते, पण तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि ‘सावली गायब’ म्हणून फोटो काढला की विषय संपतो. मोजत कोणीच नाही.

त्याऐवजी विज्ञान दिनी कोल्हापूर आणि धुळे इथल्या शाळांनी मिळून सावलीवरून पृथ्वीचा परीघ मोजावा. ही दोन शहरे जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, आणि फेब्रुवारीत आकाश बहुधा निरभ्र असते.

काठी रोवून सावली मोजण्याची पद्धत सोपी दिसते, पण फसवते. एक मीटरची काठी एक अंश कलली तर सावली दोन सेंटिमीटरने बदलते. शिवाय सूर्याचा व्यास अर्ध्या अंशाचा असल्याने तिच्या सावलीची कड सेंटिमीटरभर पुसट असते. नेमकी खूण कुठे करायची तेच कळत नाही. म्हणून जाड पुठ्ठ्याला ३ मिमीचे भोक पाडावे आणि तो टेबलाच्या कडेबाहेर आडवा बांधावा. खाली प्लायवूड ठेवून त्यावर कागद चिकटवावा. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, त्यामुळे पाणसळ लावून पाचरींनी प्लाय समतल करणे आलेच. भोकातून ओळंबा सोडून त्याच्या टोकाखाली खूण करावी, मग ओळंबा काढून घ्यावा. प्लायपासून भोकाची उंची बरोबर १०० सेंमी हवी. कागदावर सूर्याचा छोटा ठिपका पडेल, त्याचा मध्य सहज सापडतो. भोकातून सूर्याकडे पाहू नये, हे मुलांना आधीच बजावावे.

बाराच्या ठोक्याला मोजणे ही नेहमीची चूक. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, ही शहरे त्याच्या बरीच पश्चिमेला, आणि फेब्रुवारीअखेरीस सूर्य आणखी साडेबारा मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. त्यामुळे दोन्ही शहरांत खरी मध्यान्ह पाऊण वाजण्याच्या आसपास असते. कोल्हापुरात बारालाच मोजले तर सावली ४६ ऐवजी ५१ सेंमी भरेल. १२.२५ ते १.०५ दर पाच मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर खूण करावी, खुणा जोडाव्यात आणि ओळंब्याच्या खुणेपासून त्या रेषेचे सर्वांत कमी अंतर घ्यावे; हीच सावलीची लांबी. त्या सुमारास सावलीची लांबी फार हळू बदलते, म्हणून घड्याळ दोन मिनिटे मागे-पुढे असले तरी बिघडत नाही.

कोल्हापुरात सुमारे ४६ आणि धुळ्यात सुमारे ५५ सेंमी यायला हवे. लांबीला उंचीने भागून आलेल्या संख्येचा टॅनव्यस्त (tan⁻¹) मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढला की २४.७ आणि २८.९ अंश मिळतात. फरक ४.२ अंश, म्हणजे पृथ्वीच्या ३६० अंशांच्या वर्तुळातला दोन शहरांमधला तुकडा. नववी-दहावीच्या मुलांना एवढी त्रिकोणमिती येते. कोनमापक वापरू नये, त्याने अर्धा अंश सहज चुकतो.

दोन शहरांमधले दक्षिणोत्तर अंतर नकाशावर पट्टीने मोजावे, ते सुमारे ४६५ किमी भरते. एसटीचे किलोमीटर चालणार नाहीत. आणि अक्षांशांच्या फरकाला १११ ने गुणून अंतर काढणे म्हणजे शुद्ध लबाडी, कारण तो १११ परिघावरूनच आलेला आहे. ४६५ ला ३६० ने गुणून ४.२ ने भागले की ४० हजार किमीच्या आसपास उत्तर येते. एका ठिकाणी सावली ५ मिमीने चुकली तर उत्तर दोन हजार किमीने घसरते, आणि ही चूक कुठून आली ते शोधण्यातच मुले खरी रमतात. गोव्यातील एखादी शाळा जोडली गेली तर अंतर वाढून चुकीचा परिणाम कमी होईल. एका गावात ढग आले तर दुसरा कोणताही निरभ्र दिवस चालतो, मात्र सर्वांनी तोच दिवस घ्यायला हवा.

आपल्या दैनिकाने २७ फेब्रुवारीच्या अंकात जिल्हावार मध्यान्हीच्या वेळा छापाव्यात आणि शाळांकडून आलेले आकडे १ मार्चला जसेच्या तसे द्यावेत, ३५ हजार किंवा ४६ हजार आलेलेसुद्धा.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका