मोठ्या इमारतींची वाहतूक-छाननी फुकट का? सांगलीच्या आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त,
सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

कुठल्याही मोठ्या इमारतीची परवानगीची फाईल उघडा. अग्निशमनाचा दाखला सापडेल, विकास शुल्काची पावती सापडेल, आणि इतक्या फ्लॅटना इतक्या चारचाकी, इतक्या दुचाकी असं पार्किंगचं कोष्टकही सापडेल. या इमारतीतून संध्याकाळी सहाला किती गाड्या बाहेर पडतील आणि त्या पुढच्या चौकात मावतील का, याचा कागद मात्र सहसा नसतो. गाडी उभी कुठं करायची, एवढंच आपण विचारतो. ती फाटकातून रस्त्याला कशी लागणार, हे ज्याचं त्यानं बघायचं.

माझी मागणी थोडक्यात अशी. ठरावीक आकारापुढच्या प्रत्येक प्रकल्पाची वाहतूक-छाननी महापालिकेनं करावी, आणि तिचा खर्च विकासकाकडून वेगळं शुल्क लावून घ्यावा.

असा अभ्यास आपल्याकडं अजिबात होत नाही असं नाही. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिथं वाहतुकीचा विचार करावा लागतो. पण सांगली-मिरजेत एवढे मोठे प्रकल्प हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपला रस्ता अडवतात ती चार मजली हॉस्पिटलं, मंगल कार्यालयं आणि तीनशे-तीनशे मुलांच्या बॅचा एकदम सोडणारे क्लासेस. ही सगळी बांधकामं त्या रेषेच्या खूपच खाली.

मिरजेतल्या कुठल्याही गजबजलेल्या हॉस्पिटलसमोर सकाळी अकराला उभं राहून बघा. बेळगाव-विजापूरकडून पेशंट घेऊन आलेल्या केए पासिंगच्या गाड्या रस्त्यावरच लावलेल्या. बेसमेंटच्या उतारावर साखळी. आत जनरेटर आणि औषधांची खोकी. फाटकाला लागून रिक्षा, त्यांच्या पुढं शहाळ्यांचा गाडा. यात अँब्युलन्स आली की मागची एसटी थांबते, एसटीमागं वडापची जीप, आणि बघता बघता मागच्या चौकापर्यंत रांग. मंजूर नकाशात पार्किंग होतं, नियमाप्रमाणे पूर्ण होतं.

याचा हिशेब इंडियन रोड्स काँग्रेसनं, म्हणजे देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं, १९९० सालीच मांडून ठेवला आहे. त्यांच्या १०६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत दुपदरी, दुतर्फा वाहतुकीच्या शहरी रस्त्याची क्षमता दिली आहे. कडेला फाटकं नाहीत, गाड्या उभ्या नाहीत, आडवी वाहतूक जवळपास नाही, असा रस्ता तासाला १,५०० पीसीयू वाहून नेतो. पीसीयू म्हणजे मोटारीच्या मापात मोजलेली वाहनं. त्याच रुंदीच्या रस्त्यावर फाटकं उघडली, कडेला गाड्या लागल्या, मधूनच माणसं आणि वाहनं आडवी जाऊ लागली की हा आकडा ९०० वर येतो. डांबर तेवढंच, आणि चाळीस टक्के रस्ता गेला! तो परत मिळवायला रुंदीकरण करायचं म्हटलं तर खर्च करदात्यांच्या माथी. मग आधीच तपासून घ्यायचा खर्च ज्याच्या इमारतीमुळं तपासावं लागतं त्याच्याकडून घ्यायला काय हरकत आहे?

परदेशात ही पद्धत जुनी आहे. लॉस एंजेलिसमध्ये विकासकानं वाहतूक-अभ्यास दाखल केला की तो तपासण्याचं शुल्क तिथला वाहतूक विभाग वेगळं आकारतो. मात्र तिथलं सगळंच उचलू नये. केवळ गाड्यांचा खोळंबा मोजत बसलं की प्रत्येक अभ्यासाचं उत्तर 'रस्ता रुंद करा' असंच येतं, हे कॅलिफोर्नियाच्या लक्षात आलं. त्यांनी २०१३ साली कायदा करून पर्यावरण तपासणीतला तो निकष काढला. आता प्रकल्पामुळं एकूण किती अंतर गाड्या जास्त धावतील हे तिथं बघतात. सांगलीच्या पेठांमध्ये रुंद करायला रस्ताच शिल्लक नाही, तेव्हा आपल्याला हा धडा जास्तच लागू.

आता खरी मेख. अभ्यास करायचा कुणी? विकासकानं नेमलेल्या, त्याच्याच पैशावर चालणाऱ्या सल्लागाराचा अहवाल 'परिणाम नगण्य' असाच येणार. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. बिल कोण भरतंय हे त्याला ठाऊक असतं. म्हणून पैसा विकासकाचा, पण माणूस महापालिकेचा, अशी रचना हवी. शुल्क वेगळ्या लेखाशीर्षात जमा व्हावं आणि त्यातून वाहतूक अभियंता नेमावा. तोवर वालचंद महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाची मदत घ्यावी. विश्रामबागेतच आहेत, मुंबई-पुण्याकडं बघायची गरज नाही.

शुल्क चौरस फुटावर लावू नका, ही विनंती. किती चौक मोजायचे आणि किती तासांचं काम आहे, त्यावर ते ठरावं. शुल्काच्या बदल्यात सेवा दिसली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात मांडलं. सेवेशी नातं तुटलं की ते शुल्क कोर्टात अडकतं. शिवाय १९९२ पासून विकास शुल्क आहेच. त्याच्यावर आणखी एक कर बसवला असं कुणाला वाटू नये.

मोजणी कधी करायची, हेही महापालिकेनंच सांगावं. मे महिन्यात विलिंग्डन आणि वालचंदला सुट्ट्या असतात, तेव्हा विश्रामबाग चौक मोजला तर आकडे गोडच येणार. मोजणी कॉलेजं सुरू असताना आणि गळीत हंगामात व्हावी. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर वळण घेताना अख्खा चौक खातो, हे अमेरिकेच्या कुठल्या तक्त्यात सापडणार नाही. मार्केट यार्डाच्या बाजूचा प्रकल्प असेल तर हळदीच्या सौद्यांचे दिवस धरावेत. मंगल कार्यालयाचं मोजमाप लग्नाच्या दाट तिथीलाच व्हावं, वरातीसकट.

बांधकाम व्यावसायिक दोन गोष्टी म्हणतील. घरं महागतील, ही पहिली. पण एका मोठ्या संकुलाच्या खर्चात चार चौक मोजण्याचा खर्च शोधावा लागेल, आणि फाटक चुकीच्या बाजूला ठेवल्याची किंमत तिथले रहिवासी जन्मभर मोजतात. दुसरी तक्रार उशिराची, आणि ती रास्त आहे. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये परवानगीच्या निर्णयाला साठ दिवसांची मुदत आहे. छाननी त्या मुदतीतच बसली पाहिजे आणि ती लांबली तर त्याचा भुर्दंड विकासकाला नको. दोन-तीन गुंठ्यांत घर बांधणाऱ्याला यातून पूर्ण वगळा. लहान भूखंडांना जोखीम पाहून सोपी परवानगी द्यायची सोय राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आहेच.

शुल्काचा एक हिस्सा भोगवटा प्रमाणपत्रानंतर वर्षभरानं होणाऱ्या फेरतपासणीसाठी राखून ठेवावा. बेसमेंटमध्ये गाड्या आहेत की खोकी, हे तेव्हाच कळेल. माझ्या मते सगळ्या योजनेत हीच बाब महत्त्वाची, आणि वगळली जाण्याची भीतीही हिलाच सर्वांत जास्त.

सुरुवात सगळ्या शहरात एकदम नको. सांगली-मिरज रस्ता आणि शंभर फुटी रस्ता, एवढ्याच दोन ठिकाणी नवी हॉस्पिटलं, मंगल कार्यालयं आणि व्यापारी संकुलं घ्या. वर्षभर चालवून बघा. प्रत्येक अहवाल मराठीत, नकाशासह महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका, म्हणजे शेजारच्यांना पाया खणण्याआधी हरकत घेता येईल. यासाठी शासनाची मान्यता लागत असेल तर तसा प्रस्ताव करून मंत्रालयात पाठवावा, आणि पाठवल्याची तारीख जाहीर करावी, ही विनंती.

आपला,
विश्रामबागेतला एक रहिवासी