पहाटे मेलेले मासे, दुपारचा पंचनामा: मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या धरणातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत पाळलेला तिलापिया मासा पहाटे मेला. पंचनामा झाला दुपारी दोनला. पाण्याचा नमुना तेव्हाच घेतला. ‘प्राणवायू समाधानकारक’ असा शेरा पडला आणि कारण लिहिले, ‘अज्ञात रोग’.

साहेब, दुपारी दोनला प्राणवायू भरपूर असणारच. उन्हात शेवाळ तो पाण्यात सोडते. रात्री तेच शेवाळ आणि मासे मिळून तो संपवतात, आणि पहाटे चार ते सहा या वेळात तो सर्वांत कमी असतो. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले की दिवसाची भरपाईही होत नाही. तिलापियाला लिटरला 5 मिलीग्रॅम प्राणवायू हवा. 3 च्या खाली तो कमी खातो आणि प्राणवायू आणखी उतरला की पाण्यावर तोंड काढून राहतो. शेजारच्या पिंजऱ्यातला पंगासियस मासा तगला, कारण तो हवाही गिळतो. तो तगला म्हणून पाणी चांगले ठरत नाही.

असा गुदमर सुरू झाला की काही मिनिटांत माशाच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक चढते, पाठोपाठ साखर. ताण एकदाच आला तर मासा सावरतो. रोज पहाटे आला तर त्याची प्रतिकारशक्ती खचते आणि एरवी पाण्यात असतोच तो एरोमोनास जिवाणू अंगावर जखमा करतो. रोग शेवटी दिसतो. सुरुवात शेवाळाने बुजलेल्या जाळीत, दाटीत आणि उन्हाळ्यात पाणी उतरून तळाला टेकत आलेल्या पिंजऱ्यात झालेली असते.

मत्स्यबीजाचेही तेच. बोटुकली, म्हणजे माशाची बोटभर पिल्ले, 24 तास उपाशी ठेवून, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून, रात्री आणायची. धरणावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून मग थोडे थोडे धरणाचे पाणी आत घ्यायचे. आम्हाला बीज मिळाले भर दुपारी, पोट भरलेले. पिशवीतले पाणी विष्ठेने गढूळ झाले होते.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पिंजऱ्यामागे 3 लाख खर्च धरून 40 टक्के अनुदान आहे, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. तपासणीला येणारे अधिकारी पिंजरे मोजतात, जाळीला हात कोणी लावत नाही. एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिलात. मग मर झाल्यावर शेतकऱ्याला धड कारण तरी कळू द्या! दाटीचा ताण खाद्यातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाने कमी होतो, हे मृगळ माशाच्या बोटुकलीवर मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत दाखवून झाले आहे. ते ज्ञान मुंबईहून धरणापर्यंत का येत नाही? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक जीव प्राणी आहे. मासाही त्यात येतो, तेव्हा त्याच्या हालांचीही दखल घ्या.

प्रत्येक पिंजरा-समूहाला प्राणवायू मोजायचे यंत्र द्या. पंचनाम्याच्या नमुन्यात पहाटेच्या मोजणीचा रकाना घाला. आणि तपासणीला सडलेला मासा नेऊ नका. मरू घातलेला मासा बर्फावर ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचला पाहिजे.

आपला,
एक पिंजरा-मत्स्यपालक