डबीवर आयोडीनचा आकडा छापायला लावा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मला हाशिमोटोचा आजार आहे. माझीच रोगप्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उठली आहे. रोज सकाळी उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड हार्मोनची, गोळी घेते आणि माझं बरं चाललं आहे. तरी ‘थायरॉइड कमी आहे ना, मग आयोडीन सुरू कर’ हा सल्ला पाठ सोडत नाही. त्याच सल्ल्याच्या जोरावर खपणारी समुद्री शेवाळाच्या गोळ्यांची एक डबी आत्ता माझ्यासमोर आहे.

पुढे हिरवं फुलपाखरू आणि ‘थायरॉइडला नैसर्गिक आधार’. मागे, भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरांत, ‘केल्प ५०० मिलिग्रॅम’. हे झालं शेवाळाचं वजन. त्यात आयोडीन किती, याचा पत्ता नाही.

प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गरोदरपणी २५०. शेवाळातलं प्रमाण मात्र जातीगणिक बदलतं, त्यामुळे एका गोळीतून गरजेच्या कैक पट आयोडीन पोटात जाऊ शकतं. ल्यूगोल नावाच्या आयोडीनच्या ५ टक्के द्रावणाच्या तर एका थेंबातच सुमारे ६ मिलिग्रॅम असतं, म्हणजे चाळीस दिवसांची बेगमी!

आयोडीनचा असा भडिमार झाला की ग्रंथी हार्मोन बनवणं थांबवते. वुल्फ आणि चैकॉफ या संशोधकांनी हे १९४८ मध्येच दाखवलं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते, आजारी ग्रंथीला ते अनेकदा जमत नाही आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा हार्मोन, आणखी चढतो. जिथे आयोडीन पुरेसं मिळतं तिथे थायरॉइड कमी पडण्याचं मुख्य कारण हाशिमोटोच असतं. म्हणजे ज्यांना या गोळ्या विकल्या जातात, त्यांनाच त्या बाधण्याची शक्यता जास्त.

आयोडीनयुक्त मिठाला माझा विरोध नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून त्याने गलगंड हटवला, ते मीठ चालूच राहायला हवं. गरोदर बायकांना डॉक्टर आयोडीन देतात, तेही योग्यच. म्हणून सरसकट बंदी मी मागत नाही.

एका दिवसाच्या मात्रेत किती मायक्रोग्रॅम आयोडीन आहे, हे डबीच्या दर्शनी बाजूला छापणं सक्तीचं करा. त्याखाली ‘थायरॉइडचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये’ ही ओळ असू द्या, फुलपाखराइतकीच ठळक. आणि बाजारातले नमुने तपासून, छापलेला आकडा आणि गोळीतलं आयोडीन जुळतं का, ते निकाल नावानिशी जाहीर करा.

कळावे,
थायरॉइडची एक रुग्ण