आरोग्यमंत्री साहेब, लाळेचे नमुने ठेवायला आमच्या जिल्ह्यात एक फ्रीजर द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावातून लिहितेय. माझी काकू लग्न होऊन आली तेव्हापासून मिश्री लावायची, पहाटे तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, तो वास अजून नाकात बसलाय. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, दाढ लागत असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं आणि परळला टाटाला नेलं तेव्हा तिच्या तोंडात चमचासुद्धा जात नव्हता.

तिच्या पायी मी वाचायला लागले. आपल्या डीएनएतला जेमतेम २ टक्के भाग प्रोटीन बनवायला लागतो, बाकीच्याला कित्येक वर्षं कचराच म्हणायचे, पण त्यातूनच असे आरएनए निघतात जे स्वतः प्रोटीन बनवत नाहीत, दुसऱ्यांना आवर घालतात. २००२ मध्ये कार्लो क्रोचे या कॅन्सर संशोधकाच्या टीमला रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये १३ नंबरच्या क्रोमोसोमवरचे दोन मायक्रोआरएनए, म्हणजे असेच पण अगदी बारके आरएनए, बऱ्याच पेशंटमध्ये गायब किंवा कमी झालेले दिसले. ते बीसीएल-२ नावाच्या प्रोटीनला दाबून ठेवतात, ते गेले की मरायला हवी ती पेशी मरतच नाही. मायक्रोआरएनएच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं, आता तरी हे कचरा नाही ना?

साहेब, मुद्दा असा की हे बारके आरएनए रक्तात, लाळेतसुद्धा टिकतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी लघवीतल्या पीसीए-३ या लांबट, पण प्रोटीन न बनवणाऱ्याच आरएनएची टेस्ट अमेरिकेत २०१२ लाच मंजूर झालीय, परत बायोप्सी करायची का ते ठरवायला. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मिआर-२१ नावाचा मायक्रोआरएनए वाढलेला सापडतो, पण रोजच्या वापरातली टेस्ट व्हायची तर मिश्री-गुटखावाल्या आमच्यासारख्यांचे भरपूर नमुने लागणार आणि त्या माणसांचं पुढे काय झालं ते वर्षानुवर्षं बघावं लागणार.

म्हणून मागणं एवढंच. जिल्ह्यात उणे ८० डिग्रीचा एक फ्रीजर, त्याला जनरेटर (पावसाळ्यात आमच्याकडे लाईट दोन-दोन दिवस नसते, नमुने वितळले की गेले), एक टेक्निशियन, समजेल अशा मराठीतला संमतीचा फॉर्म आणि खारघरच्या ॲक्ट्रेकशी, म्हणजे टाटाच्याच कॅन्सर संशोधन केंद्राशी, जोडणी. आणि तोवर प्रत्येक उपकेंद्रात टॉर्च लावून तोंड बघणं तरी उद्यापासून सुरू करा, त्याला कुठलंच मशीन लागत नाही.

काकूचा नमुना कुणी ठेवला नाही. तिच्याबरोबर मिश्री लावणाऱ्या वाडीतल्या नऊ जणींना मी विचारून आलेय, त्या लाळ द्यायला तयार आहेत.

आपली,
खाडीकाठची एक मतदार