देखण्या टाक्या आणि कोरडे चेंबर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकात सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचे भरभरून कौतुक वाचले. छायाचित्रातील टाक्या निःसंशय देखण्या आहेत. मात्र त्यांत आज प्रत्यक्षात किती मैलापाणी येते, एवढे आपल्या वार्ताहराने विचारले असते तर बरे झाले असते.

आमच्या कॉलनीतले तरी येत नाही. भुयारी गटारीसाठी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर गल्ली खोदण्यात आली, पाइप टाकले गेले, दारोदारी चेंबर बांधून त्यांवर झाकणे बसली आणि ठेकेदार निघून गेला; घरातील सांडपाण्याचा पाइप त्या चेंबरला जोडायचा तेवढा राहिला. चौकशीला गेलो असता संबंधित अभियंत्यांनी अत्यंत अदबीने सांगितले, की घरजोडणी त्या ठेक्यात नव्हतीच, ती पुढच्या टप्प्यात आहे. पुढचा टप्पा केव्हा, असे विचारल्यावर त्यांनी चहा मागवला. तेव्हापासून आमच्या दारात कोरडे चेंबर आहे आणि त्याला खेटून सेप्टिक टँकचे पाणी वाहून नेणारे उघडे गटार, जे नाल्यावाटे नदीत आणि पुढे तापीत जाते. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला आमच्या लेकीसुना त्याच नाल्याच्या तोंडाशी पाण्यात उतरतात. मलप्रवाह सुविधा लाभकर मात्र घरपट्टीच्या बिलात न चुकता जोडलेला असतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, उभारलेली शुद्धीकरण क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे आणि शुद्ध होते केवळ २०,२३६. मुळात अपुरी असलेली क्षमताही एक तृतीयांशाहून अधिक वापराविना पडून राहते, ती का, हे आमच्या गल्लीत येऊन पाहता येईल. याच तापीच्या काठी खाली सुरतेत शुद्ध केलेले सांडपाणी पांडेसऱ्याच्या कापड प्रक्रिया उद्योगांना विकले जाते. आपल्याकडे ते आधी प्रकल्पापर्यंत तरी पोहोचावे. म्हणून क्षमतेचे आकडे छापताना किती घरे जोडली गेली, हा आकडाही आपण मागून घ्यावा, ही विनंती.

जाता जाता आणखी एक. याच खोदलेल्या रस्त्याविषयीचे माझे मागील पत्र जागेअभावी छापता आले नाही, असे आपल्या कार्यालयातून कळले. त्या आठवड्यात एका माननीयांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांना मात्र अर्धे पान मिळाले होते.

आपला,
एक जुना वाचक, खान्देश