चाचा, तो डबा विकू नका

चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर तसबिरी विकणाऱ्या चाचांना,

सलाम. मराठी तुम्ही फर्डं बोलता, पण वाचायला नातीला बसवा.

कादंबरी अखेर छापून आली. खून आहे, पण रक्ताचा थेंब नाही. जुन्या वस्तूंचं दुकान, चौकस मालकीणबाई आणि रवि वर्मा प्रेसची, म्हणजे चित्रकार राजा रवि वर्मांच्या छापखान्यातली, लक्ष्मीची एक तसबीर, असा घरगुती मामला. ती लक्ष्मी खरी की खोटी यावर सगळं रहस्य उभं, आणि ते ओळखायचं कसं हे लिहिणारीलाच ठाऊक नव्हतं!

तुमच्याआधी बरेच उंबरे झिजवले. एका एसी दालनात "काही घ्यायचंय का?" असं विचारलं, आणि नाही म्हणताच दार उघडून धरलं. एका संग्राहकांनी तीनदा वेळ दिली, तिन्हीदा विसरले. ‘जाणकार’ हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते.

तुम्ही एकच पान ऐकलंत आणि हसलात. माझ्या अस्सल चित्राखाली मी ‘मळवली, 1894’ असं लिहिलं होतं. "छापखाना 1894 ला मुंबईत सुरू झाला, बेटा. मळवलीला नंतर गेला. तुझी असलीच नकली आहे." मी रडकुंडीला आले. तुम्ही भिंतीवरची तसबीर उतरवलीत, दाराशी उजेडात धरलीत, भिंग माझ्या हातात दिलंत. हात असा कापत होता की नुसते रंग पोहताना दिसत होते. तेव्हा एक शब्द न बोलता, विकायला ठेवलेला पितळी पानाचा डबा तुम्ही माझ्या कोपराखाली सरकवलात. हात ठरला आणि ठिपके दिसले. दगडावरच्या छपाईचे, हाताने टिपलेले, कुठे दाट, कुठे विरळ. मग शेजारी आजची छापील लक्ष्मी ठेवलीत. तिचे ठिपके कवायतीला उभे!

गिऱ्हाईक ताटकळत होतं, तुम्ही वळून पाहिलं नाहीत. अशी माणसं गोष्टीत घातली की लोक म्हणतात, फार गोड झालंय. म्हणू देत.

माझी ती चूक आता मी खुन्याच्या गळ्यात बांधलीय. तिच्यामुळेच तो सापडतो. डब्याचं वाक्य संपादकांनी ‘अनावश्यक’ म्हणून खोडलं होतं. मी परत घातलं.

डबा अजून असेल तर ठेवा, मी येतेय. भाव मात्र करणार.

तुमची,
पुण्याची कादंबरीवाली