धाकट्याच्या मार्कांचं टेन्शन घेऊ नका

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर धाकट्याला बारावीच्या मार्कांमुळे नोकरी कशी लागणार म्हणून आई रडायलाच लागली, त्यामुळे नीट बोलता आलं नाही, ते आता लिहितेय.

बारावीच्या मार्कांना काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. मी रोज फ्रेशर्सचेच अर्ज बघते ना. ढिगाने अर्ज येतात तेव्हा बऱ्याच कंपन्या सिस्टिममध्ये कटऑफ टाकून ठेवतात, आकडा त्याच्या खाली असला की अर्ज माणसाच्या नजरेस पडतच नाही, मग पोराने कॉलेजात प्रोजेक्ट कितीही भारी केलेला असो. मला हे खरंच पटत नाही. पण मार्कांचा जोर बहुतेक त्या चाळणीपुरताच. इंटरव्ह्यूत आम्ही विचारतो की प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस, अडलं तेव्हा काय केलंस. आणि दोन-तीन वर्षं काम केल्यावर तर शाळेचे मार्क सहसा कोणी विचारतही नाही.

चाळणी पण सगळेच लावतात असं नाही. ब्रिटनमध्ये ईवाय या बड्या अकाउंटिंग कंपनीला आधी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत साधारण तीन विषयांत बी ग्रेड लागायची, २०१५ मध्ये त्यांनी ती अट काढली आणि ऑनलाइन टेस्टवर भर दिला. पीडब्ल्यूसी या तशाच दुसऱ्या कंपनीनेही त्याच वर्षी तिथल्या बहुतेक ग्रॅज्युएट भरतीसाठी शाळेच्या ग्रेडवरून मिळणाऱ्या पॉइंट्सची अट सोडली.

बाबा, तुम्ही म्हणालात की अर्जात ५८ टक्क्यांचे ६० लिहिले तर कोणाला कळतंय. प्लीज त्याला असं सांगू नका. ऑफर दिल्यावर बॅकग्राउंड चेकमध्ये मार्कशीट मागतात आणि आकडा जुळला नाही की ऑफर जाते. एका मुलीचं असं झालेलं मी बघितलंय, पोरगी कामाला फार चांगली होती, पण खोटं लिहिलंय म्हटल्यावर कोणाला काही करता आलं नाही. त्यापेक्षा तो परीक्षेच्या वेळी आजारी होता ते लिहू दे. काही फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा रकाना असतो, तिथे दोन ओळी आणि डॉक्टरचा कागद, बस.

त्याला म्हणावं रेझ्युमे मला पाठव, कटऑफ नसलेल्या जागा आपण आधी भरू. आणि आई, त्याच्यासमोर मार्कांचा विषय सध्या काढू नकोस गं, पुढच्या आठवड्यात त्याची टेस्ट आहे.

तुमची,
ताई